डरहॅम बुल्स: जूनमधला साखळी सामना की सप्टेंबरचा प्लेऑफ?

आई-बाबा डरहॅमला येणार आहेत, त्यांना इथल्या बुल्स संघाचा बेसबॉल सामना कधी दाखवू, असं एका मैत्रिणीने विचारलं.

आधी खात्रीचा मुद्दा, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. बुल्स खेळतात त्या ट्रिपल-एचा, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीचा, हंगाम 150 सामन्यांचा, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार चालते. पाऊस आला तरी दुसरा दिवस हाताशी असतो. प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या सामन्यांचं, तसं नाही. हंगामाच्या पहिल्या आणि दुसऱ्या सत्राचे (अर्ध्या भागाचे) लीगमधले विजेते तीन सामन्यांच्या मालिकेत भिडतात आणि यजमानपद पहिल्या सत्राच्या विजेत्याकडे जातं. 2023 मध्ये बुल्सनी दुसरं सत्र जिंकलं, म्हणून मालिका पहिलं सत्र जिंकलेल्या नॉरफोकच्या मैदानावर झाली आणि डरहॅमकरांना घरी काहीच बघायला मिळालं नाही! पुढची, दोन ट्रिपल-ए लीगच्या विजेत्यांमधली राष्ट्रीय लढत तर एकाच सामन्याची, लास वेगासमध्ये.

प्लेऑफच्या खर्चात प्रवास आणि मुक्काम धरा, म्हणजे फरक कळेल.

चुरस मात्र प्लेऑफमध्येच. एरवी निकालापेक्षा खेळाडू घडवणं महत्त्वाचं असतं. चांगला खेळणारा उद्या बुल्सचा वरचा, मेजर लीगमधला संघ टॅम्पा बे रेजकडे गेलेला असतो. शेवटच्या मालिकेत प्रत्येक डाव जीव तोडून खेळला जातो. 2022 मध्ये बुल्सनी लीग आणि राष्ट्रीय, दोन्ही विजेतेपदं मिळवली, ते दिवस विसरता येत नाहीत.

आई-बाबा, लहान मुलं, पहिल्यांदाच बघणारे यांच्यासाठी जूनची संध्याकाळ. हंगामभर संघामागे असलेल्याने आणि ऐनवेळी निघू शकणाऱ्याने प्लेऑफ सोडू नये.