ऑफिसचा गट, शंभर जणांचं जेवण: खिचडी, पोळी-भाजी की लंगर?

परळला टाटा, केईएम, वाडिया आणि पुण्यात ससून रुग्णालयाबाहेर रुग्णांचे नातेवाईक दिवसचे दिवस काढतात. पंधरा-वीस सहकाऱ्यांना त्यांच्यासाठी रविवारी रांधायचं असेल, तर चवीआधी एकच हिशेब करा: गॅस बंद झाल्यापासून शेवटच्या पानापर्यंत किती वेळ जाईल? दोन तासांच्या वर जात असेल तर बेत बदला.

त्या हिशेबात मूगडाळीची खिचडी सरस. शंभर जणांना 6 किलो तांदूळ, 3 किलो डाळ, 5 किलो भाज्या, सव्वा लिटर तेल, 32 ते 35 लिटर पाणी. मीठ 350 ग्रॅमने सुरू करा, मग चव बघा. टोप जाड बुडाचा, 60 लिटरचा. तो आणि मोठी शेगडी केटरिंगवाल्याकडे भाड्याने मिळते. आधण यायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून पाणी आधी चढवा, फोडणी वेगळी करा. डाळ बुडाशी बसून लागते. उकळी येताच आच कमी करा आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने बुडापासून ढवळत राहा. तरीही लागलीच, तर खरवडू नका. वरची खिचडी दुसऱ्या टोपात काढा, नाहीतर करपट वास सगळीकडे पसरतो. वाढेपर्यंत ती घट्ट होते, म्हणून उतरवताना पातळच ठेवा आणि पाच लिटर उकळतं पाणी सोबत न्या. उरलेली संध्याकाळसाठी ठेवायची नाही: मोठ्या टोपाचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि भातातले जंतू तिथेच वाढतात.

पोळी-भाजीचं जेवण लोकांना जास्त भावतं, यात शंका नाही. पण माणशी चार म्हणजे 400 पोळ्या, साधारण 15 किलो कणीक. एका तव्यावर अख्खा दिवस जाईल. प्रत्येकाने घरून वीस-पंचवीस आणल्या तर जमतं. गरम पोळ्या लगेच फॉइलमध्ये बांधल्या की वाफेने चिकट होतात. आधी कापडावर पसरून वाफ जाऊ द्या. भाजी मात्र घरोघरची एकत्र करू नका. एका डब्यातली आंबली तर सगळी जाते आणि कुठली होती तेही कळत नाही. सुकी बटाट्याची भाजी एकाच ठिकाणी करा. ओलं खोबरं नको.

स्वयंपाकाची जागा नसेल किंवा कुणीच मोठं रांधलेलं नसेल, तर गुरुद्वाराच्या लंगरमध्ये सेवा करा. तिथे भाजी चिरणं, रोट्या लाटणं, वाढणं, भांडी घासणं ही कामं कायम असतात आणि प्रमाणाची जबाबदारी जाणत्यांकडे राहते. पहिल्या खेपेला आम्ही हेच सुचवू. मोठा गट असेल तर आधी फोन करून वेळ ठरवा, डोकं झाका.

रुग्णालयाबाहेर वाढताना अन्न नातेवाइकांनाच द्या. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्याला डॉक्टरांनी सांगितलेलंच खायला हवं. हे वाढणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी सांगून ठेवा.