पोच लगेच, उत्तर सवडीने: समाजमाध्यमावरील एका तक्रार खात्याचा अभिप्राय

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकासमोरील पदपथावर केबलसाठी चर खोदण्यात आला आणि काम संपल्यावर त्यात नुसती माती लोटून, उखडलेले पेव्हर ब्लॉक कडेला रचून, माणसे निघून गेली. संस्थेची सचिव या नात्याने या चराच्या पाठपुराव्यासाठी मी शहरातील एका सार्वजनिक यंत्रणेच्या एक्सवरील तक्रार खात्याचा सुमारे दोन महिने वापर केला. यंत्रणेचे नाव मुद्दाम देत नाही. मुंबईत रस्ता एकाचा, उड्डाणपूल दुसऱ्याचा आणि केबल तिसऱ्याची अशी स्थिती असल्यामुळे नागरिकाला थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच अनुभव येतो, असे शेजारच्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांशी बोलताना दिसून आले.

आधी जमेची बाजू. सकाळी छायाचित्रासह तक्रार टाकली आणि अकरा मिनिटांत तक्रार क्रमांक हाती आला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मिळवण्यासाठी ज्यांनी अर्धी सकाळ खिडकीपाशी घालवली आहे, त्यांनाच या अकरा मिनिटांची किंमत कळेल. शिवाय तक्रार चारचौघांत नोंदली गेल्यामुळे ती फायलीत हरवत नाही. आमच्याच रस्त्यावरील आणखी दोन संस्थांनी त्याखाली आपापली छायाचित्रे जोडली, आणि एरवी वाहनतळाच्या वादापलीकडे एकमेकांशी न बोलणाऱ्या तीन संस्था पहिल्यांदा एका विषयावर एकत्र आल्या. समाजमाध्यमाचा खरा उपयोग मला येथे दिसला, पण त्यात खाते चालवणाऱ्यांचा वाटा काहीच नव्हता.

चौथ्या दिवशी तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आला. पुराव्यादाखल जोडलेल्या छायाचित्रात नीट बसवलेला पदपथ होता आणि त्यावर गुलमोहराची सावली पडली होती. आमच्या गल्लीत गुलमोहर नाही. बदामाची दोन झाडे आहेत. हे निदर्शनास आणून दिल्यावर खात्याने दिलगिरी व्यक्त केली, नवा क्रमांक दिला आणि तक्रार ‘संबंधित विभागाकडे’ पाठवली. त्या विभागाने ती केबलवाल्या कंपनीकडे वळवली, कंपनीने कंत्राटदाराकडे बोट दाखवले आणि आठवडाभराने ती फिरून मूळ खात्यावर आली. या सर्व काळात उत्तरे नियमित आणि सभ्य होती. मात्र तोच मजकूर दर वेळी नव्या क्रमांकानिशी येत असे. मराठीत लिहिलेल्या तक्रारीला प्रत्येक वेळी इंग्रजीतच उत्तर का यावे, हा प्रश्न मी दोनदा विचारला. त्याला मात्र क्रमांकही मिळाला नाही.

चर अखेर बुजवला गेला तो वेगळ्याच मार्गाने. संस्थेतील एक निवृत्त काका कार्यालयाच्या भेटीच्या वेळेत कनिष्ठ अभियंत्यांना जाऊन भेटले आणि त्यांना घेऊनच गल्लीत आले. अभियंत्यांच्या फोनमध्ये आमची तक्रार होती, पण ती शेकडो तक्रारींच्या यादीतील एक ओळ होती आणि जागेचा पत्ता अर्धवट उतरवला गेला होता. पाच मिनिटे उभ्या-उभ्या बोलल्यावर जे कळले, ते दोन महिन्यांच्या पोस्टमधून कळले नव्हते: चर बुजवण्याचे काम ज्या कंत्राटात येते, ते कंत्राट मधल्या काळात संपले होते. खात्यावर ही एक ओळ कोणी लिहिली असती तरी आमचा निम्मा संताप शमला असता.

नागरिकांशी ऑनलाइन बोलण्याचे वावडे या शहराला नाही. मुंबई पोलिसांचे एक्सवरील (तेव्हाच्या ट्विटरवरील) खाते डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या खुसखुशीत शैलीमुळे वाहतुकीचे नियम लोक हसत वाचू लागले. महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर चॅटबॉट सुरू केला. माहिती मिळवण्यासाठी तो सोयीचा आहे. परंतु माहिती देणे, हसवणे आणि पोच देणे यांपलीकडे जो संवाद असतो, त्यात नागरिकाच्या म्हणण्याने निर्णय बदलू शकतो. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी नकाशे तपासून त्यातील चुका दाखवल्या, हजारो हरकती नोंदवल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो नव्याने करण्याचे आदेश द्यावे लागले. १९९७ पासून चालत आलेल्या ‘एएलएम’ (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) या, महापालिकेच्या सहकार्याने चालणाऱ्या रहिवासी गटांच्या बैठकांतही, कितीही कुरबुरी असल्या तरी, अधिकारी आणि रहिवासी समोरासमोर बसत. याउलट मी वापरलेल्या खात्यावर हरकती व सूचना मागवणारी जी एकमेव पोस्ट दोन महिन्यांत दिसली, ती बारीक इंग्रजी अक्षरांतील चित्र होती आणि मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

आणखी एक बाब नोंदवायला हवी. चराचा सर्वाधिक त्रास फाटकापाशी भाजी विकणाऱ्या मावशींना झाला. पावसात त्यांची पाटी दोनदा चिखलात गेली. त्या एक्सवर नाहीत. त्यांचे म्हणणे मी लिहिले तेव्हा ते माझे म्हणून नोंदले गेले, आणि पदपथावरील विक्रेत्यांनाच हटवा अशी एक प्रतिक्रियाही त्याखाली आली, जी खात्याने इतर सर्व प्रतिक्रियांप्रमाणेच आभार मानून स्वीकारली.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे, त्यांनी छायाचित्रात जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक येईल असे पाहावे, पत्ता मजकुरातही लिहावा, आणि ‘निकाली’चा संदेश आला की आधी खिडकीतून खाली डोकवावे. पाचपैकी गुण द्यायचे तर पोच देण्याला साडेचार आणि संवादाला एक. पेव्हर ब्लॉक आता बसले आहेत, पण दोन वरखाली आहेत, म्हणून काल पुन्हा तक्रार टाकली. क्रमांक नऊ मिनिटांत आला.