१० औंसाच्या दोन जोड्या: एक ॲमेच्युअरची, एक प्रोफेशनलची

बॉक्सिंग ग्लोव्हच्या या दोन जोड्या काट्यावर ठेवल्या तर दोन्ही सारख्या. १० औंस, म्हणजे एक ग्लोव्ह साधारण २८३ ग्रॅम. पहिली जोडी मनगटाला वेल्क्रोची रुंद पट्टी असलेली, ॲमेच्युअर, म्हणजे हौशी स्पर्धेच्या धर्तीची. दुसरी दोरीने आवळायची, प्रोफेशनल, म्हणजे पैशासाठी खेळल्या जाणाऱ्या बाउटच्या (सामन्याच्या) धर्तीची. आपल्याकडे येणारा बहुतेक माल जालंधर-मेरठचा असतो आणि दोन्ही प्रकार त्यात मिळतात, म्हणून इथे कंपनीपेक्षा प्रकाराचाच विचार केलाय. मोबाईलवर मोठ्या प्रोफेशनल बाउट बघून लातूर, परभणी, बीडची पोरं थेट दोरीची जोडी मागवतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर.

दोरीच्या जोडीत हात घातला की पहिल्यांदा छानच वाटतं. मनगट अरुंद, पकड घट्ट, मूठ पटकन आवळते. पॅड मुठीच्या पुढच्या भागावर बसवलेलं आणि तेही कडक. मेक्सिकोच्या क्लेटो रेयेस कंपनीच्या बाउट ग्लोव्हमध्ये तर घोड्याचे केस भरलेले असतात. केस दाबले जातात आणि फोमसारखे परत फुलत नाहीत, त्यामुळे पंच समोरच्याला जास्त लागतो आणि मारणाऱ्याच्या हाडालाही जास्त लागतो. इकडच्या स्वस्त दोरीच्या जोड्यांत केस नसतात, नुसता कडक फोम असतो. तोही महिनाभर पंचिंग बॅगवर मारला की मुठीपाशी चपटा होतो.

वेल्क्रोच्या जोडीत फोमचे थर असतात, पॅड जास्त पसरलेलं असतं, अंगठा शिवून जोडलेला असतो. पंच जरा ‘बोथट’ वाटतो. पोरांना हेच आवडत नाही, पण गुण आहे तो इथेच.

राष्ट्रीय स्तरावरची ॲमेच्युअर बाउट ३ मिनिटांच्या ३ राउंडची, मध्ये १ मिनिट विश्रांती. पुरुषांची प्रोफेशनल बाउट ४ राउंडपासून १२ राउंडपर्यंत. नऊ मिनिटांच्या मानाने छत्तीस मिनिटं, म्हणून ॲमेच्युअरच्या हाताला कमी त्रास, असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकतो. मोठ्या स्पर्धेत फायनलपर्यंत पोचणारा ॲमेच्युअर आठ-दहा दिवसांत चार-पाच बाउट खेळतो आणि ज्या दिवशी बाउट त्या दिवशी सकाळी वजन देतो. प्रोफेशनलचं वजन आदल्या दिवशी होतं, तो एका रात्री खेळतो आणि पुढची बाउट कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी. त्याचा हात सुजला तर उतरायला वेळ असतो. ॲमेच्युअरला तोच हात परवा परत वापरायचा असतो. फोमचे थर त्यासाठी असतात.

ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या बँडेजचाही फरक इथूनच येतो. सरावाला ४.५ मीटरचं सुती, किंचित ताणणारं बँडेज घ्या: मनगटाला तीन वेढे, तळव्याला तीन, बोटांच्या फटींतून एकेक, उरलेलं परत मनगटाला. प्रोफेशनलचा हात कोच गॉझ (जाळीदार पट्टी) आणि टेपने बांधतो, अधिकारी समोर उभे असतात, बांधून झालं की त्यावर सही करतात आणि बाउटनंतर ते कात्रीनेच कापतात. दोरीचा अरुंद ग्लोव्ह अशा बांधलेल्या हाताच्या भरवशावर केलेला असतो. त्यात साधं बँडेज ढिलं बांधून रोज बॅग मारली, की करंगळीच्या मुळाचं हाड धोक्यात येतं. हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच) मारताना मूठ किंचित वळली की सगळा भार त्याच हाडावर पडतो.

दोरीची दुसरी अडचण साधी आहे: बांधणार कोण? पहाटे साडेपाचला एकटा सराव करणाऱ्याला दुसऱ्या हाताची दोरी आवळता येत नाही. दाताने ओढून बांधलेली दोरी दुसऱ्या राउंडला सैल होते आणि मनगट मागे मुडपतं.

ॲमेच्युअर आणि प्रोफेशनलचे नियम गेल्या काही वर्षांत जवळ आलेत, हे खरं. २०१३ मध्ये ॲमेच्युअरमध्ये प्रोफेशनलसारखी प्रत्येक राउंडला १० गुणांची पद्धत (राउंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला त्याहून कमी) आली, वरच्या स्तरावरच्या पुरुषांचं हेडगार्ड गेलं. महिलांना आणि लहान वयोगटांना ते राहिलं. २०१६ ला रिओ ऑलिंपिक प्रोफेशनल बॉक्सर्सना खुलं झालं. तिघं उतरले, त्यांतला थायलंडचा अम्नात रुएनरोएंग तर माजी विश्वविजेता होता, तरी पदक एकालाही मिळालं नाही. बारा राउंडचा माणूस पहिला राउंड अंदाज घेण्यात घालवतो. तीन राउंडच्या बाउटमध्ये तेवढ्यात एक तृतीयांश सामना संपलेला असतो. उलट दिशेने जाणं तुलनेने सोपं पडतं. विजेंदर सिंगने २००८ ला बीजिंगचं कांस्य घेतलं आणि २०१५ ला प्रोफेशनल झाला, पाया ॲमेच्युअरचाच. नांदेडला लागून असलेल्या निजामाबादच्या निखत झरीनची २०२२ आणि २०२३ ची विश्वविजेतेपदं ॲमेच्युअरमधलीच आहेत. ज्यांना पुढे प्रोफेशनल व्हायचंय त्यांनीही सुरुवात वेल्क्रोनेच करावी, असं आमचं ठाम मत आहे.

आता खरेदीचं. ॲमेच्युअर स्पर्धेत ग्लोव्ह आयोजक देतात, लाल किंवा निळ्या कोपऱ्याप्रमाणे. पुरुषांत हलक्या वजनांना १० औंस, जड वजनांना १२. म्हणजे १० औंसाची जोडी विकत घ्यायची घाईच नाही, ना ही ना ती. पहिले पैसे १४ किंवा १६ औंसाच्या वेल्क्रो जोडीत घाला. स्पॅरिंगला (जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीला) १६ च. १० औंसाने स्पॅरिंग करणारा स्वतःच्या जोडीदाराचं डोकं रोज थोडं थोडं खराब करतो, ते त्याला दिसत नाही एवढंच. गमशील्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) घेताना लाल रंग टाळा, ॲमेच्युअर स्पर्धेत चालत नाही. तोंडातलं रक्त त्यात दिसत नाही.

दुकानात जाताना बँडेज सोबत न्या आणि बांधूनच ग्लोव्ह घालून बघा. मूठ पूर्ण आवळली पाहिजे. मूठ भिंतीला टेकवून रेटा. मनगट मागे गेलं तर ती जोडी ठेवून द्या. मुठीवरचं पॅड अंगठ्याने जोरात दाबा, आत बोटांची हाडं लागली तर पॅड पातळ आहे. छापलेल्या आकड्यावर विश्वास नको, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा: १२ औंस ३४० ग्रॅम, १६ औंस ४५४ ग्रॅम, एका ग्लोव्हचे. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतं, पन्नास कमी भरले तर पॅडमध्येच कपात झालेली असते.

रेक्झिन की चामडं? बहुतेक तालमी पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेमध्ये आत उभं राहवत नाही. अशा उन्हाळ्यात स्वस्त रेक्झिनला अंगठ्याच्या शिवणीपासून पापुद्रे सुटतात. चामडं टिकतं, पण घाम तसाच ठेवला तर तडकतं आणि पावसाळ्यात बुरशी धरतं. रोज सराव असेल तर चामडं, आठवड्यात तीन दिवस असेल तर चांगलं रेक्झिन पुरे.

ग्लोव्ह उन्हात वाळवू नका, फोम कडक होतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने काढा, मग पंख्याखाली तोंड उघडं ठेवून टांगा. बँडेज बोअरच्या जड पाण्यात धुतलं की क्षार बसून ताठ होतं, बोटांच्या फटी सोलतात. शेवटचं खंगाळणं जारच्या पाण्यात करा, तांब्याभर पुरतं. वेल्क्रोत अडकलेले बँडेजचे धागे जुन्या कंगव्याने आठवड्यातून एकदा काढा, नाहीतर पट्टी दोन-तीन महिन्यांत धरेनाशी होते.