५०० वॅटचं क्लास-डी हेड आणि एक १२ इंची कॅब: पावसाळा, नवरात्र, लग्नसराई काढल्यानंतर

हे हेड, म्हणजे बेस गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर नसलेला डबा, मी गेल्या मे महिन्यात घेतलं; कॅब म्हणजे त्याला जोडायची स्पीकरची पेटी. त्यानंतर ते पावसात वाद्यवृंदाच्या तालमींना आलं, गणपतीत मांडवात वाजलं, नवरात्रात मैदानावर, डिसेंबरात लग्नाच्या हॉलमध्ये आणि अधूनमधून शनिवारी लोअर परळ-वांद्र्याच्या पबमध्येही. आता पुन्हा उन्हाळा आलाय आणि माझं मत पक्कं झालंय. आवाजाचं सगळं मिड्समध्ये, म्हणजे मधल्या फ्रीक्वेन्सींमध्ये आहे. भरवशाचं सगळं विजेत आणि जॅकमध्ये आहे. दुकानात ज्या वॅटच्या आकड्यावर घासाघीस चालते तो दोन्हीकडे दुय्यम आहे.

कंपनीचं नाव देत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि हातातल्या एका नगावरून कंपनीवर शिक्का मारणं मला पटत नाही. तशीही या वर्गातली बरीच हेड आतून एकमेकांच्या जवळची असतात: स्विचिंग पॉवर सप्लाय, क्लास-डी पॉवर मोड्यूल, आणि त्याच्या आधी कंपनीचा स्वतःचा, आवाज घडवणारा प्रीअ‍ॅम्प. माझं हेड ४ ओहमच्या स्पीकर लोडला ५०० वॅट देतं, ८ ओहमला साधारण ३००. कॅब ८ ओहमचं आहे, त्यात निओडिमियम चुंबकाचा १२ इंची स्पीकर आणि वरच्या सुरांसाठी एक छोटा ट्वीटर.

आधी वजनाचं सांगते. माझा आधीचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) १५ इंची, ट्रान्सफॉर्मरवाला, ३० किलोच्या आसपास होता. आवाज भरदार, पण प्रत्येक कार्यक्रमाला टॅक्सी, आणि हॉल पहिल्या मजल्यावर असला की उचलायला कुणाला तरी हाक मारायची. आता हेड सॅकमध्ये, कॅब हातात. दुपारी तीनच्या स्लो लोकलला लेडीज डब्यात दाराजवळच्या कोपऱ्यात ते बसतं. साउंड चेक सातचा असला तरी मी तेव्हाच निघते, कारण सहाच्या गर्दीत कॅब घेऊन चढणं हा बाकीच्या बायकांवर अन्याय आहे. हेड एवढं हलकं होण्याचं कारण साधं आहे. क्लास-डीमधले ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहून तापत बसत नाहीत. सेकंदाला लाखो वेळा ते पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात. उष्णता कमी, म्हणून हीटसिंक लहान. पॉवर सप्लायही त्याच पद्धतीचा, म्हणून लोखंडाचा तो मोठा ट्रान्सफॉर्मर गेला.

त्याच्याबरोबर आवाजातलंही काहीतरी गेलं, हे मान्य करायला हवं. १९६९ साली आलेलं अँपेग एसव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) ३०० वॅट आणि आठ १० इंची स्पीकरांचं कपाटाएवढं कॅब, अजूनही रॉक बेसच्या आवाजाचा मापदंड आहे. नुसतं हेडच ३५ किलोच्या वर. व्हॉल्व्ह जोरात चालवला की आवाज हळूहळू दाबला जातो आणि गोलसर होत जातो. माझं हेड शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीपुढे आवाज दाबणारं सर्किट, लागतो. बोट जोरात पडलं की त्या फटक्याचं टोक कापलेलं ऐकू येतं. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना हे खटकेल. हेडवर ड्राइव्हचा, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाडण्याचा नॉब आहे, पण त्याचा आवाज मला कोरडा वाटतो, मी तो शून्यावर ठेवते.

आता मिड्सबद्दल, कारण बेस ऐकू येत नाही ही तक्रार मी सगळीकडे ऐकते. दुकानात एकट्याने वाजवताना बास (खर्ज) आणि ट्रेबल (वरचे सूर) वर, मधलं खाली, असं केलं की आवाज फार देखणा वाटतो. तोच आवाज वाद्यवृंदात नाहीसा होतो. खालची जागा ढोलकीच्या घुमाऱ्याने, ऑक्टापॅडच्या किकने आणि कीबोर्डवाल्यांच्या डाव्या हाताने आधीच घेतलेली असते. वरची जागा झांज, गिटार आणि गाणाऱ्यांची. बेसला मोकळी उरते ती साधारण २५० ते ८०० हर्ट्झ. तिथे थोडं वाढवलं की व्हॉल्यूम न वाढवताही सूर वेगळा कळतो. मी बास आणि ट्रेबल सपाट ठेवते, ४०० च्या आसपास किंचित वर, आणि ट्वीटर जवळजवळ बंद. माझ्या हेडची खरी ताकद ही आहे की तिथे दोन मिड नॉब आहेत आणि त्यातल्या एकाची फ्रीक्वेन्सी बदलता येते. लावणीच्या कार्यक्रमात ती जागा वेगळी लागते, भावगीतात वेगळी.

१२ इंची एका कॅबमधून खरा खर्ज येतो का, हे सगळे विचारतात. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड मोकळी तार, ई, म्हणजे ४१ हर्ट्झ. पाच तारांच्या बेसवरची बी जवळपास ३१. एवढ्या खाली हे कॅब जोरात काही देत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. ४१ च्या सुरासोबत ८२ आणि १२३ येतातच, आणि ते नीट ऐकू आले की मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. म्हणूनच मी हेडवरचा लो-कट, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारं बटण, कायम चालू ठेवते. नाट्यगृहाचा रंगमंच लाकडी आणि खालून पोकळ असतो, खर्ज त्या फळ्यांतून घुमायला लागला की कुठला सूर वाजतोय ते मलाच कळत नाही. लो-कट, खाली जाड फोम आणि कॅब खुर्चीवर, एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागतं. कॅब कानाच्या जवळ आलं की आवाजही कमी ठेवता येतो आणि मागचे तबलावाले कुरकुरत नाहीत.

मैदानात मात्र एक कॅब पुरत नाही. तेव्हा आमच्या गिटारवाल्या दादाकडे ठेवलेलं दुसरं, तसंच ८ ओहमचं कॅब जोडते. मग लोड ४ ओहम होतो आणि हेड पूर्ण ५०० देतं. ३०० वरून ५०० म्हणजे जेमतेम २ डेसिबल. खरा फरक दुसरा स्पीकर हवा ढकलायला लागल्याने पडतो, त्याचे आणखी ३. म्हणून मोठं हेड घ्यावं की दुसरं कॅब, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून कॅब सांगते. तिसरं कॅब मात्र जोडू नका. लोड ४ च्या खाली गेला की बहुतेक हेडना ते चालत नाही.

प्रेक्षकांना ऐकू जातो तो डीआयमधून, म्हणजे हेडवरच्या थेट मिक्सरला जोडायच्या जॅकमधून गेलेला आवाज. या हेडच्या डीआयला प्री (टोन नॉबच्या आधीचा आवाज) आणि पोस्ट (नंतरचा) असं बटण आहे, आणि मी ते प्रीवरच ठेवते. नाहीतर मी स्टेजसाठी मिड वाढवले की बाहेरचाही आवाज बदलतो आणि साउंडवाले वैतागतात. ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे डीआयच्या केबलचं अर्थिंग तोडणारं बटणही आहे आणि त्याने अनेकदा वाचवलंय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ सूर असतो ४९ चा. लाइनमध्ये थोडा जरी हम (विजेची गुणगुण) असेल तरी तो सूर धरल्यावर सेकंदागणिक हेलकावे खातो. गाणं ‘जी’च्या पट्टीत असेल तर नको होतं. हम घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढून ठेवायला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. हात तारांवर आणि ओठ माइकला असताना शॉक बसला तर तो छातीतून जातो. लिफ्ट डीआयवर करा, मेन्सवर नाही.

विजेचा विषय इथे संपत नाही. मांडवात जनरेटर असतो, दिवे लागले की व्होल्टेज पडतं. नवरात्रात एकदा गाण्याच्या मध्यात हेड म्यूट झालं आणि काही क्षणांनी आपोआप सुरू झालं. प्रोटेक्शनने काम केलं, हेड वाचलं, पण ते क्षण फार लांब वाटले. त्याहून मोठी भीती उलट बाजूची आहे. थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल ढिला असेल तर २३० च्या जागी सॉकेटमध्ये ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणला. आता तो आकडा बघितल्याशिवाय हेडची वायर लावत नाही.

पावसाळ्यातली गोष्ट यापेक्षा छोटी, पण सगळ्यांना उपयोगी. ऑगस्टमध्ये आवाज अचानक अर्धा झाला, कोंदट झाला, आणि हेडवर थाप मारली की परत यायचा. मला वाटलं मोड्यूल गेलं. कारागिरांनी हेड उघडलंसुद्धा नाही. मागच्या इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचा इफेक्ट जोडायच्या दोन जॅकच्या) सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅचकॉर्ड लावली आणि आवाज पूर्ववत. रिटर्नच्या जॅकमध्ये एक बारीक संपर्कपट्टी असते. लूपमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा सगळा सिग्नल तिच्यातून जातो. दमट हवेत तिच्यावर थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, जॅक अनेकदा आतबाहेर करून ते साफ झालं. ती पॅचकॉर्ड आता कायम सॅकमध्ये असते, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. माझी खरी तक्रार इथे आहे: एवढ्या किमतीच्या हेडला सगळे जॅक प्लॅस्टिकचे आणि थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले. केबलला कुणाचा पाय लागला की झटका बोर्डालाच बसतो. स्पीकरचा स्पीकॉन कनेक्टर मात्र फिरवून लॉक होतो, तो एकदाही निसटला नाही.

पंखा दुसरी तक्रार. पबमध्ये तो जाणवतही नाही. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या नाट्यगृहात निवेदक हळू आवाजात बोलायला लागले की पहिल्या दोन रांगांपर्यंत पंखा जातो. मी हेड विंगेत ठेवून लांब स्पीकर केबल ओढते.

उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचा. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट मिळू शकते. त्यामुळे साडेनऊनंतर आयोजक मिक्सरचा मास्टर (एकूण आवाज) खाली ओढायला लागतात, आणि तेव्हा सर्वांत आधी बेस जातो. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. अशा वेळी मी साउंडवाल्या दादांना फक्त बेसच्या चॅनेलवर ८० च्या आसपास थोडं वाढवायला सांगते. शेवटची आरती असो वा भैरवी, ती पायाशिवाय ऐकवत नाही.

दुरुस्तीबाबत जुना ट्रान्झिस्टरचा कॉम्बो बरा होता. ट्रान्झिस्टर बाजारात मिळायचे, कारागीर संध्याकाळपर्यंत बसवून द्यायचे. क्लास-डीमध्ये मोड्यूल गेलं तर बहुधा अख्खं बदलावं लागतं आणि ते बाहेरून येईपर्यंत थांबावं लागतं. माझं अजून गेलेलं नाही, उन्हात तापलेल्या मांडवातही नाही. तरी सॅकमध्ये एक छोटा डीआय बॉक्स असतोच. हेड बंद पडलं तरी बेस थेट मिक्सरला जातो आणि कार्यक्रम चालू राहतो.

वाद्यवृंद, पब, लग्नं करणाऱ्यांनी ही जोडी खुशाल घ्यावी. फक्त मोठ्या मैदानात, पाच तारांवर वाजवणाऱ्यांनी दोन कॅबचा हिशोब आधीच धरावा. धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांत किंवा कुठेही बघायला जाल तर स्वतःचा बेस न्या, नुसतं एकट्याने न वाजवता फोनवरच्या गाण्यासोबत वाजवून बघा, जॅक पॅनेलला नटाने कसलेत का ते हात लावून तपासा, आणि वॉरंटीतली दुरुस्ती मुंबईत होते की हेड बाहेर पाठवावं लागतं ते बिलावर लिहून घ्या.