सही की कॉलेज? सिएटल मॅरिनर्सच्या पहिल्या फेरीची यादी काय सांगते

सिएटलच्या पूर्वेला, बेलव्ह्यू, इसाक्वा, सॅमॅमिशच्या पट्ट्यात, मराठी घरांतली मुलंही आता बेसबॉलच्या मैदानावर दिसतात. त्यातल्या एखाद्या पोराचा हात खरोखर वेगळा निघाला, की आईवडिलांपुढे असा प्रश्न येतो ज्याचा अनुभव आपल्या मागच्या कुठल्याच पिढीला नाही. अठराव्या वर्षी व्यावसायिक संघाच्या करारावर सही करायची, की आधी कॉलेज? आपल्याकडे उत्तर तयार असतं: आधी डिग्री, मग काय तो खेळ. हे उत्तर मी आपल्याच गावच्या संघाच्या, मॅरिनर्सच्या, पहिल्या फेरीच्या निवडींवर ताडून पाहिलं. ते अर्धं खरं निघालं. कुठलं अर्धं, ते मुलगा पिचर (चेंडू टाकणारा) आहे की हिटर (फलंदाज) यावर ठरतं.

आधी नियम, कारण सगळा पेच त्यातच आहे. हायस्कूल संपलेल्या मुलाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ दरवर्षी आळीपाळीने, फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, निवडता येतं. त्याने नकार देऊन चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर तिथली तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची एकविशी येईपर्यंत त्याला पुन्हा निवडता येत नाही. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात गेला तर ही अट लागत नाही. आणि एकदा सही केली की कॉलेजच्या संघाकडून बेसबॉल खेळणं संपलं. शिकता मात्र येतं, त्याबद्दल पुढे.

मॅरिनर्स १९७७ मध्ये मैदानात उतरले. त्यांच्या यादीतली सर्वांत मोठी दोन नावं हायस्कूलमधून थेट आलेली आहेत, हे आधीच मान्य करायला हवं. १९८७ मध्ये देशातली पहिली निवड म्हणून सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलमधला सतरा वर्षांचा केन ग्रिफी ज्युनिअर घेतला. सुरुवात बेलिंगहॅमच्या छोट्या मैदानावर झाली, आणि एप्रिल १९८९ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो मुख्य संघात होता. पुढे ६३० होम रन, आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात ९९.३ टक्के मतं. १९९३ मध्ये पुन्हा पहिली निवड मिळाली आणि मायामीच्या वेस्टमिन्स्टर ख्रिश्चन शाळेतला शॉर्टस्टॉप ॲलेक्स रॉड्रिगेझ आला. मायामी विद्यापीठात वर्ग सुरू व्हायला काही तास उरले असताना त्याने सही केली. पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, तो मॅरिनर्सकडून खेळला आणि १९९६ मध्ये .३५८ च्या सरासरीने त्याने लीगची फलंदाजीची शर्यत जिंकली. (त्याचं पुढचं प्रकरण, टेक्सासचा २५ कोटी २० लाख डॉलरचा करार आणि २०१४ ची उत्तेजकांबद्दलची बंदी, हा वेगळा विषय.)

ही दोन नावं ऐकली की कुठल्याही बापाचं मन सहीकडे झुकेल. पण ग्रिफीच्याच गोष्टीत एक भाग आहे जो आईवडिलांनी वाचलाच पाहिजे. जानेवारी १९८८ मध्ये, ड्राफ्टला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, या मुलाने आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला होता. हे त्याने स्वतः १९९२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. वडील मोठ्या लीगमधले खेळाडू, घरात खेळाची पूर्ण समज, अंगात अफाट गुणवत्ता, आणि तरीही ते वय तेवढं नाजूक होतं. तुमचा मुलगा बाहेरून कितीही धीट दिसत असला तरी करारावर बोलण्याआधी त्याच्याशी या विषयावर मोकळेपणी बोला. सहीच्या रकमेपेक्षा हे बोलणं महत्त्वाचं आहे असं मी मनापासून मानतो.

हायस्कूलच्या रांगेत खाली उतरलं की चित्र झपाट्याने बदलतं. १९७९ मध्ये हॅरिसबर्गच्या शाळेतला अल चेंबर्स हीसुद्धा देशातली पहिली निवडच होती. तो मोठ्या लीगमध्ये एकूण ५७ सामने खेळला. १९८९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर कॅलिफोर्नियातला शाळकरी पिचर रॉजर साल्केल्ड घेतला, आणि चार जागा खाली शिकागो व्हाइट सॉक्सने ऑबर्न विद्यापीठाचा फ्रँक थॉमस उचलला, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. साल्केल्डच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्याकडून केलेल्या अपेक्षा कधीच पुऱ्या झाल्या नाहीत. १९९७ चा रायन अँडरसन तर मला सर्वांत जास्त चटका लावून जातो. सहा फूट दहा इंच उंची, डावखुरा, मॅरिनर्सचा तसाच उंच, डावखुरा पिचर रँडी जॉन्सन याला ‘बिग युनिट’ म्हणत म्हणून याला ‘लिटल युनिट’. खांदा पुन्हा पुन्हा फाटला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि मोठ्या लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही.

सगळेच शाळकरी पिचर असे गेले असं नाही. २०१० मध्ये पूरक पहिल्या फेरीत (पहिल्या फेरीला जोडून होणाऱ्या जादा निवडींत) ४३ व्या क्रमांकावर घेतलेला तायवान वॉकर तीन वर्षांत मुख्य संघात आला आणि पुढे न्यूयॉर्क मेट्सकडून ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. हिटरांमध्ये २००३ चा ॲडम जोन्स आहे, ३७ वा क्रमांक, सॅन डिएगोचा पोरगा. पण त्याचं फळ बाल्टिमोरने खाल्लं: २००८ मध्ये एरिक बेडार्डसाठी मॅरिनर्सने त्याला इतर चौघांसकट देऊन टाकलं आणि तिथे तो पाचदा ऑल-स्टार झाला. २०१४ चा ॲलेक्स जॅक्सन, सहावा क्रमांक, हायस्कूलचा नावाजलेला हिटर, अडीच वर्षांच्या आत अटलांटाला गेला. त्याच्या लगेच मागून, सातव्या क्रमांकावर, फिलाडेल्फियाने लुइझियाना स्टेटचा पिचर ॲरन नोला घेतला होता.

आता कॉलेजची रांग. इथे आपल्या ‘आधी डिग्री’वाल्या मताला धक्का बसतो, कारण मॅरिनर्सच्या इतिहासातला सर्वांत वाईट काळ कॉलेजच्या मुलांनीच भरलेला आहे.

सुरुवात ठीक होती. १९८१ ची पहिली निवड, ओरल रॉबर्ट्स विद्यापीठाचा पिचर माइक मूर, याने कारकिर्दीत १६१ सामने जिंकले. १९८८ चा टिनो मार्टिनेझ १९९५ च्या त्या अविस्मरणीय संघाचा फर्स्ट बेसमन होता. पण २००५ पासून बघा. तिसऱ्या क्रमांकावर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा कॅचर जेफ क्लेमेंट. चौथा होता रायन झिमरमन, पाचवा रायन ब्राउन, सातवा ट्रॉय टुलोविट्स्की. तिघेही कॉलेजचेच, तिघांच्याही कारकिर्दी मोठ्या. क्लेमेंट चार वर्षांत पिट्सबर्गला गेला. २००९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर उत्तर कॅरोलायनाचा डस्टिन ॲकली आला. त्या वर्षीचा सर्वांत भरवशाचा कॉलेज हिटर म्हणून त्याचं नाव होतं. मॅरिनर्सने त्याला सेकंड बेसवर नवीन जागा शिकायला लावली. पहिल्या मोसमात .२७३, दुसऱ्यात .२२६, आणि २०१५ मध्ये यांकीजकडे रवानगी. २०११ मध्ये पुन्हा दुसरा क्रमांक, व्हर्जिनियाचा डावखुरा पिचर डॅनी हल्टझेन. कॉलेजात तीन वर्षं, उत्तम नियंत्रण, ‘सुरक्षित’ निवड. खांद्यावर २०१३ मध्ये शस्त्रक्रिया, मग पुन्हा एक, आणि मोठ्या लीगमधला पहिला चेंडू त्याने २०१९ मध्ये शिकागो कब्जकडून टाकला. इतक्या वर्षांनी तो परत उभा राहिला याचा मला आजही आदर वाटतो.

२०१२ चा माइक झुनिनो, फ्लोरिडा विद्यापीठाचा कॅचर, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम हौशी खेळाडू ठरला होता. ड्राफ्टनंतर जेमतेम वर्षभरात त्याला मुख्य संघात उभं केलं. २०१४ मध्ये २२ होम रन, पण सरासरी .१९९. पुढच्या वर्षी .१७४. कॉलेजमधून आला म्हणजे तयारच आहे, असं संघाने धरलं आणि भाकरी भाजायच्या आत तव्यावरून उतरवली. २०२१ मध्ये टँपाकडून ३३ होम रन मारून तो ऑल-स्टार झाला. म्हणजे गुण होतेच. केंटकीच्या इव्हान व्हाइटला तर मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळण्याआधी सहा वर्षांचा २ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला. २०२० मध्ये क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह मिळालं, पण सरासरी .१७६. पुढे दुखापतींनी गाठलं.

मग चित्र पालटलं. २०१८ मध्ये १४ व्या क्रमांकावर स्टेट्सन विद्यापीठाचा लोगन गिल्बर्ट, २०१९ मध्ये २० व्या क्रमांकावर इलॉनचा जॉर्ज कर्बी. ही नावाजलेली बेसबॉल विद्यापीठं नव्हेत. कर्बीने सही केल्यावर एव्हरेटच्या दुय्यम संघाकडून २३ डाव टाकले आणि एकालाही बेस-ऑन-बॉल्स (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) दिलं नाही. २०२३ मध्ये मुख्य संघाकडून १९० डावांत फक्त १९ दिले. दोघेही ऑल-स्टार झाले, दोघेही ड्राफ्टपासून तीन वर्षांच्या आत मुख्य संघात होते. माझ्या मते मॅरिनर्सच्या पहिल्या फेरीतली ही सर्वांत शहाणी सलग दोन वर्षं आहेत.

यादीत न दिसणारा तिसरा गट आहे नकार देणाऱ्यांचा, आणि निर्णय घेणाऱ्याने खरं तर यांच्याकडे जास्त बघावं. २००२ मध्ये मॅरिनर्सने २८ व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीचा शाळकरी जॉन मेबेरी ज्युनिअर निवडला. त्याने सही केली नाही, स्टॅनफर्डला गेला. तीन वर्षांनी टेक्सासने त्याला १९ व्या क्रमांकावर घेतलं. स्टॅनफर्डचं शिक्षणही पदरात, निवडही वर सरकलेली. जेसन व्हॅरिटेकने १९९३ मध्ये मिनेसोटाची पहिल्या फेरीची निवड नाकारून जॉर्जिया टेकमध्ये आणखी एक वर्ष काढलं, आणि १९९४ मध्ये मॅरिनर्सने त्याला १४ वा निवडला. (त्याला आणि डेरेक लोला १९९७ मध्ये हीथक्लिफ स्लोकंबच्या बदल्यात बॉस्टनला दिलं, ही जखम इथले जुने चाहते अजून बाळगून आहेत.)

आणि आपल्या अगदी शेजारचं उदाहरण टिम लिन्सेकम. रेंटनजवळच्या लिबर्टी हायस्कूलचा मुलगा. २००३ मध्ये कब्जने ४८ व्या फेरीत निवडलं, त्याने सही केली नाही, वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. तीन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोने देशातला दहावा खेळाडू म्हणून घेतला. २००८ आणि २००९, दोन्ही वर्षी साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. मॅरिनर्सकडे २००६ मध्ये पाचवा क्रमांक होता. घरचा मुलगा समोर असताना त्यांनी कॅलिफोर्नियाचा ब्रँडन मॉरो निवडला.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या फेरीत दोन्ही बाजूंना भरपूर आहे. फरक वाटाघाटीत पडतो. हायस्कूलच्या मुलाच्या हातात ‘नाहीतर मी कॉलेजला जातो’ हा हुकमी पत्ता असतो. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तो अर्धा उरतो, चौथ्या वर्षी जवळपास संपतो. पहिल्या फेरीच्या खाली मात्र गणित कडक होतं. २०२३ च्या कामगार करारानंतरही मायनर लीगच्या, म्हणजे मुख्य संघाखालच्या दुय्यम संघांच्या, खालच्या पायरीवर, लो-एला, वर्षाचं किमान वेतन २६,२०० डॉलर ठरलं, सर्वांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-एला, ३५,८००. राहण्याची सोय संघ करतो, एवढं आता सुधारलं आहे. दुसरीकडे कॉलेजमध्येही बेसबॉलला पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल असं गृहीत धरू नका. कित्येक वर्षं एका संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्याच होत्या. २०२५ पासून नियम बदलले, ज्या विद्यापीठांनी नवी व्यवस्था स्वीकारली तिथे ३४ जणांचा संघ आणि शिष्यवृत्तीवर संख्येची मर्यादा नाही. पण किती द्यायची हे विद्यापीठ ठरवतं, म्हणून रक्कम लेखी घ्या.

सही करायचीच ठरली, तर करारात कॉलेज शिष्यवृत्तीचं कलम घालून घ्या. संघ ठरलेल्या सत्रांचा खर्च देण्याचं वचन देतो. मात्र खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. पंचविशीत, दुखऱ्या खांद्यासह, अठरा वर्षांच्या मुलांशेजारी वर्गात बसायची तयारी मुलाची आहे का, हे त्यालाच विचारा.

मुलगा पिचर असेल तर मी कॉलेज सांगेन, आणि ठामपणे सांगेन. साल्केल्ड आणि अँडरसनच्या गाठीशी कॉलेजचं एकही वर्ष नव्हतं, हल्टझेनच्या गाठीशी निदान व्हर्जिनियातली तीन वर्षं होती. मुलगा हिटर असेल, पहिल्या पंचवीस-तीसात निवडला जात असेल आणि घरापासून दूर राहण्याची मानसिक तयारी असेल, तर सहीला उगाच घाबरू नका. पेनसिल्व्हेनियाचा शॉर्टस्टॉप कोल यंग २०२२ मध्ये २१ व्या क्रमांकावर आला, पायरी पायरीने वर सरकला आणि मे २०२५ च्या शेवटच्या दिवशी मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला. तोवर तीन वर्षं होत आली होती, गिल्बर्टला लागली तेवढीच. पहिल्या फेरीच्या बाहेर असेल तर दोघांनाही कॉलेज. मॅरिनर्सचा कॅल रॅले फ्लोरिडा स्टेटमध्ये तीन वर्षं काढून २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत आला, आणि २०२५ मध्ये त्याने ६० होम रन मारले.

२०२५ च्या जुलैमध्ये मॅरिनर्सला पुन्हा तिसरा क्रमांक मिळाला. निवड झाली लुइझियाना स्टेटचा डावखुरा पिचर केड अँडरसन. हायस्कूलमध्येच त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची) झाली होती आणि शेवटच्या वर्षी तो खेळूच शकला नव्हता. दोन मोसम कॉलेजात काढले, एकविशी लागल्यामुळे दुसऱ्याच वर्षी पात्र ठरला, कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि ८८ लाख डॉलरवर सही केली.