डबल प्लगर थाँग्ज: ऑस्ट्रेलियातील साध्या स्लीपरचे परीक्षण

महाराष्ट्रात आपण ज्याला स्लीपर किंवा हवाई चप्पल म्हणतो, त्याच रबरी तळाच्या आणि अंगठ्याजवळून दोन्हीकडे फाकणाऱ्या पट्ट्याच्या चपलेला ऑस्ट्रेलियात सर्रास ‘थाँग्ज’ म्हणतात. मेलबर्नला नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हे नाव पाठ करावे, कारण ‘स्लीपर’ मागितली तर विक्रेता अत्यंत तत्परतेने घरात घालायच्या लोकरी सपाता पुढे ठेवतो. अमेरिकेत ‘थाँग’ या शब्दाचा आजचा पहिला अर्थ अंतर्वस्त्र असा असल्यामुळे तिकडून आलेली मंडळी तो उच्चारायला कचरतात. येथे मात्र घरातल्या आजीबाईही तो निःसंकोच वापरतात. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये हीच वस्तू ‘जँडल्स’ होते. जपानी सँडलवरून घडवलेले हे नाव मॉरिस यॉक यांनी १९५७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. दक्षिण आफ्रिकेत ‘स्लॉप्स’ मागावे लागतात, आणि आपल्या सवयीचा शब्द चालतो तो थेट हवाई बेटांवर, जिथे लोक यांना स्लिपर्सच म्हणतात.

परीक्षण करायचे आहे ते थाँग्जमधील एका विशिष्ट प्रकाराचे. येथील बोलीत त्याला ‘डबल प्लगर’ म्हणतात. चप्पल उलटी करून पाहिली की हे नाव कशामुळे पडले ते ध्यानात येते. साध्या थाँगच्या तळाला रबरी बटणांसारख्या तीन गोल चकत्या, म्हणजेच ‘प्लग’, दिसतात: एक अंगठ्यापाशी आणि एकेक दोन्ही बाजूंना. डबल प्लगरमध्ये बाजूचा पट्टा खाली येताना दुभंगतो आणि प्रत्येक बाजूला दोन चकत्यांनी तळात अडकवलेला असतो. त्यामुळे ओढ दोन ठिकाणी विभागली जाते, पट्टा रुंद असल्याने पायाच्या वरच्या भागाला काचत नाही आणि झपाझप चालतानाही टाच चपलेवरून बाजूला घसरत नाही. वाळूत किंवा उतारावर हा फरक लगेच जाणवतो. साध्या थाँगपेक्षा चार पैसे जास्त मोजावे लागतात, पण ते वसूल होतात.

तरीही एक उणीव उरतेच, आणि ती नेमकी मोक्याच्या जागी आहे. अंगठ्याजवळची चकती येथेही एकच असते, आणि चालताना सर्वाधिक ताण तिच्यावरच येतो. ठेच लागली किंवा मागून कोणी चपलेवर पाय दिला की ती चकती भोकातून वर निसटते आणि पट्टा हातात येतो. या प्रसंगाला येथील लोक ‘ब्लोआउट’ म्हणतात, म्हणजे मोटारीचे टायर फुटण्यासाठी जो शब्द, तोच. त्यावरचा स्थानिक इलाजही ठरलेला आहे: पट्टा पुन्हा भोकातून खाली ओढायचा आणि ब्रेडच्या पिशवीला लावलेली प्लॅस्टिकची चपटी खाच असलेली क्लिप तळाखालून त्याच्या देठात, चकतीच्या वरच्या बाजूस सरकवायची. आपल्याकडे हेच काम सेफ्टी पिन करते, परंतु ही क्लिप टोचत नाही आणि गंजत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. अलीकडे प्लॅस्टिक कमी करण्याच्या धोरणामुळे काही ब्रेडना पुठ्ठ्याच्या क्लिपा येऊ लागल्या आहेत. पर्यावरणासाठी ते उत्तमच, मात्र ओल्या चपलेखाली पुठ्ठा तग धरत नाही. महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत स्लीपरचे नुसते पट्टे सुटे मिळतात, तशी सोय मला येथील कोणत्याही मोठ्या दुकानात आढळली नाही, आणि माझ्या दृष्टीने ही या वस्तूची सर्वांत मोठी गैरसोय आहे.

साहित्याबाबत थोडे काटेकोर असावे. स्वस्त जोड्या हलक्या फोमच्या असतात; पहिल्या दिवशी त्या मऊ लागतात, पण टाचेखाली लवकर दबून खळगा पडतो आणि मग रस्त्यावरचा प्रत्येक खडा पायाला कळतो. दाट रबराची जोडी हाताला जड लागते, मात्र ती आकार टिकवून धरते. खरेदी करताना तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहावा आणि अंगठ्याजवळच्या भोकाभोवती बारीक चीर नाही ना, हे तपासावे. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलेले असेल, तर दोन्ही प्रकार सारखेच घसरतात. डबल प्लगरचा तेथे काहीही उपयोग नाही.

ही चप्पल कोठे चालते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. समुद्रकिनारा, अंगणातले बार्बेक्यू, कोपऱ्यावरचे दुकान येथे तिला पूर्ण मुभा आहे. सिडनी ऑलिंपिकच्या २००० मधील समारोप सोहळ्यात तर गायिका कायली मिनोग जीवरक्षकांनी वाहून आणलेल्या भल्यामोठ्या थाँगवर बसून मैदानात आली होती. मात्र अनेक पब आणि क्लबांच्या दारावर थाँग्ज घालून येण्यास मनाई असल्याची पाटी असते, आणि दारावरचा माणूस पट्टे किती चकत्यांनी अडकवले आहेत याची चौकशी करीत नाही. संध्याकाळी बाहेर जेवायला जायचे असेल तर बूट घालावेत. मेलबर्नमध्ये खेळाच्या बुटांना ‘रनर्स’ म्हणतात, आणि तेही काही ठिकाणी अडवले जातात. घर, किनारा आणि बाजार एवढ्यासाठी दाट रबराची डबल प्लगर जरूर घ्यावी, आणि शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच घ्यावी, कारण हंगाम सरत आला की मधल्या मापाच्या जोड्या मिळेनाशा होतात.