पायथनचं रँडम मॉड्यूल: पेपर पिसायला झकास
आमच्या क्लासात शेजारच्याच्या पेपरात डोकावणारे काही कमी नाहीत. म्हणून प्रश्नांचा क्रम मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या रँडमकडून (यादृच्छिक आकडे देणाऱ्या तयार कोडकडून) पिसून घेते. सीडला (म्हणजे आकडे कुठून सुरू होणार ते ठरवणाऱ्या संख्येला) विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक द्यायचा, मग शफल, म्हणजे पिसणं. तपासताना तोच क्रमांक दिला की तोच क्रम पुन्हा हजर; उत्तरसूच्यांचे गठ्ठे जपायला नकोत! (पायथनची आवृत्ती मात्र मध्येच बदलू नका.) आत मर्सेन ट्विस्टर ही आकडे काढायची पद्धत आहे, मात्सुमोतो-निशिमुरा या संशोधक जोडीची. आवर्तन (किती आकड्यांनंतर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होते ते) २ चा १९९३७ वा घात वजा १, म्हणजे आपल्या हयातीत संपत नाही. पण पासवर्ड, ओटीपीसाठी अजिबात नको: ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे काढता येतात. त्या कामाला पायथन ३.६ पासून सीक्रेट्स मॉड्यूल आहे. तिथे सीड देताच येत नाही, त्यामुळे माझ्या पेपरांना ते बिनकामाचं.